किल्ली कोणाकडे होती?

लॉजच्या काउंटरमागे देवाच्या तसबिरीखाली खोल्यांच्या दरांचा तक्ता असतो आणि तक्त्याशेजारी एक पाटी. ‘आपल्या मौल्यवान वस्तूंची काळजी आपणच घ्यावी. चोरी अथवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ महाबळेश्वर असो, शिर्डी असो की गणपतीपुळे, मजकुरात फारसा फरक नसतो. पंचतारांकित हॉटेलात हीच पाटी बारीक टायपात, चेक-इनच्या वेळी सही करायच्या कागदाच्या मागच्या बाजूला असते. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की खोलीतून पाकीट गेलेला माणूससुद्धा मॅनेजरशी थोडी हुज्जत घालतो आणि मग स्वतःलाच दोष देत बॅग उचलून निघतो. पाटी लावलेली होती, आता काय बोलणार!

बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हॉटेल जबाबदार आहे की नाही, हे पाटी एकटी ठरवू शकत नाही. न्यायालयं प्रश्न विचारतात तो वेगळाच: वस्तू गेली तेव्हा ती कोणाच्या ताब्यात होती? ताबा म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळा किल्ली. किल्ली हॉटेलकडे होती हे दाखवता आलं की ग्राहकाची बाजू भक्कम होते. ती दोघांकडेही होती, म्हणजे खोलीच्या बाबतीत नेहमी असते तशी, की भांडण लांबतं. आणि नेमक्या या सगळ्यात जास्त घडणाऱ्या प्रकाराबद्दल भरपाईचा आकडा सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, बाकी तपशील.

सुरुवात भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या निकालापासून करावी लागेल. १ ऑगस्ट १९९८. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात रात्री अकराच्या सुमारास एक गृहस्थ मारुती झेन घेऊन आले. दारातच गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, टोकन खिशात टाकलं आणि आत गेले. टोकनवर छापलेलं होतं की गाडी पाहुण्याच्या विनंतीवरून आणि त्याच्याच जोखमीवर लावली जात आहे. चोरी किंवा नुकसान झालं तर व्यवस्थापनाकडे काहीही मागता येणार नाही. रात्री एकच्या सुमारास ते बाहेर आले तर गाडी गायब. झालं होतं असं की तीन तरुण दुसऱ्या गाडीने हॉटेलात आले होते. निघताना त्यांनी आपली गाडी मागवली. ती दारात आली, आणि त्या धांदलीत त्यांच्यातल्या एकाने डेस्कवर पडलेली झेनची किल्ली उचलली, गाडी काढली आणि पसार झाला. सुरक्षारक्षकाने अडवायचा प्रयत्न केला, पण गाडी सुसाट निघून गेली.

विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि ते हॉटेलकडून वसूल करायला त्याच्यासह ग्राहक आयोगाकडे धाव घेतली. म्हणजे लढाई खरी विमा कंपनीची होती. एकट्या ग्राहकाने ती इतकी ताणली असती असं मला वाटत नाही. राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, परत राज्य, परत राष्ट्रीय असे हेलपाटे घालत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी न्या. मोहन शांतनगौडर आणि न्या. अजय रस्तोगी यांनी निकाल दिला. एकवीस वर्षं. तोवर झेन गाडी कंपनीने बनवायचीही बंद केली होती.

हॉटेलचा बचाव तीन पायांवर उभा होता. गाडी लावून देणं ही मोफत सुविधा आहे, टोकनवर अट छापलेली आहे आणि चोरी बाहेरच्या माणसाने केली आहे. पहिल्याबद्दल न्यायालय म्हणालं की अशा हॉटेलात खोलीचे, जेवणाचे जे चढे दर लावले जातात त्यातच या सुविधेची किंमत आलेली असते. दुसऱ्याबद्दल त्याहून स्पष्ट: किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हातात पडली की गाडी सांभाळायची जबाबदारी हॉटेलवर आली, आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका करून घेणारी अट छापून ती झटकता येत नाही. तिसऱ्याचं उत्तर डेस्कवर उघड्या पडलेल्या किल्लीतच होतं. पण या निकालातला सगळ्यात उपयोगाचा भाग पुराव्याबद्दलचा आहे. गाडी हॉटेलच्या ताब्यात होती एवढं ग्राहकाने दाखवायचं. आम्ही काळजी घेतली होती, हे मग हॉटेलने सिद्ध करायचं. चोर कसा आला, पहारा कुठे ढिला पडला, हे बाहेरच्या माणसाला कळणार कुठून? ते ज्याला माहीत असू शकतं त्यानेच सांगावं, हे न्यायाला धरून आहे.

न्यायालयाने एक गोष्ट मात्र केली नाही. हॉटेलची चूक असो वा नसो, वस्तू गेली की भरून द्यायची, हा जुना इंग्रजी नियम भारतात आणायला त्याने नकार दिला. तो नियम हॉटेलवर फार कडक ठरेल, असं त्याचं मत पडलं. काळजी घेतल्याचं हॉटेल दाखवू शकलं तर ते सुटू शकतं. त्यामुळे टोकनवरची अट पूर्णपणे निरुपयोगी झाली असं नाही. हॉटेलची चूक नसताना, त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने काही घडलं, तर ती उपयोगी पडू शकते.

हा जुना नियम आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. प्राचीन रोममध्ये जहाजवाले, खानावळवाले आणि तबेलेवाले यांना एकाच माळेत ओवून फर्मान काढलेलं होतं: प्रवाशाकडून सामान घेतलंत तर ते सुखरूप परत करा. कारणही सांगितलेलं आहे. प्रवाशाला या लोकांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि कडक नियम नसेल तर हेच लोक चोरांशी संगनमत करतील. व्यवसायाबद्दल इतका अविश्वास कायद्याने क्वचितच उघडपणे बोलून दाखवला असेल. इंग्लंडमध्येही रस्त्यावरच्या सरायांबद्दल हीच धास्ती होती. तिथला मूळ निकाल १५८४ सालचा कॅलीचा खटला. न्यायाधीशांनी त्यात नियम घालून दिला की सरायच्या आवारात असलेलं पाहुण्याचं सामान गेलं तर मालक बांधील. गंमत अशी की त्या खटल्यात मालकच सुटला. चोरीला गेलेला घोडा पाहुण्याच्याच सांगण्यावरून बाहेरच्या कुरणात चरायला सोडलेला होता, म्हणजे आवारात नव्हता. घोडा कुठे बांधला होता यावर निकाल फिरला आणि चार शतकांनी झेनच्या बाबतीतही प्रश्न जवळजवळ तोच आला.

रेल्वे आली, प्रवासी वाढले, हॉटेलं मोठी झाली, तशी मालकांची ओरड सुरू झाली. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने मर्यादा घातली: तीस पौंड. १९५६ च्या कायद्याने ती एका वस्तूला पन्नास आणि एका पाहुण्यामागे एकूण शंभर पौंड केली, आणि मोटारी, त्यात ठेवलेलं सामान, घोडे आणि घोड्यांचा साज यांना या कडक जबाबदारीतून वगळलं. १९५६ साली लंडनच्या हॉटेलात घोड्यावरून कोण येत होतं कोण जाणे, पण कायद्यात घोडा आहे. शंभर पौंडांची ही मर्यादा हॉटेलला फुकट मिळत नाही. त्यासाठी ठरावीक मजकुराची सूचना रिसेप्शनजवळ, सहज वाचता येईल अशी लावावी लागते. आणि हॉटेलचा किंवा त्याच्या माणसांचा निष्काळजीपणा असेल, किंवा वस्तू जपून ठेवायला रीतसर हॉटेलकडे दिली असेल, तर ही मर्यादा गळून पडते आणि पूर्ण भरपाई द्यावी लागते.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथल्या भिंतीवरची सूचना म्हणते की आमची जबाबदारी इतकी आहे, आणि अमुक परिस्थितीत ती याहून जास्त होईल. आपली पाटी म्हणते की जबाबदारी नाहीच. तिथे सूचना कायद्याने लिहिली. इथे ज्याला त्याला सोयीची वाटेल तशी पाटी रंगवून घेण्याची मुभा राहिली. राज्य दोन्हीकडे त्याच इंग्रजांचं होतं. त्यांनी इथे १८६७ साली सरायांसाठी कायदा केला. त्यात मालकाने सराय स्वच्छ ठेवावी, दरपत्रक लावावं, मॅजिस्ट्रेट सांगेल तितके पहारेकरी ठेवावेत, असं सगळं आहे. पाहुण्याच्या सामानाच्या भरपाईची सोय मात्र त्यांनी इकडे केली नाही.

मग आपल्याकडे आधार कशाचा? १८७२ च्या करार कायद्याचा. त्याच्या १४८ व्या कलमापासून पुढे, वस्तू दुसऱ्याकडे ठराविक कामापुरती सोपवली तर त्याची जबाबदारी काय, हे सांगितलं आहे. कलम १५१ चा आशय असा की सर्वसाधारण समंजस माणूस तशाच परिस्थितीत आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घ्यायची. कलम १५२ म्हणतं की तितकी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर वस्तू गेली तरी जबाबदारी नाही. ही कलमं सोनाराला लागू आहेत, गिरणीवाल्याला आहेत, देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवाल्यालाही आहेत. हॉटेलसाठी वेगळं काही नाही. कलम १५१ ने ठरवलेल्या काळजीच्या पातळीखाली करार करून जाता येईल का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. जाता येणार नाही, असं २०१९ च्या निकालाने सांगितलं.

आता खोलीकडे येऊ, कारण गाडीपेक्षा तिथलीच प्रकरणं जास्त. खोलीत सामान ठेवलं म्हणजे ते हॉटेलला सोपवलं का? पाहुणा म्हणतो, दार तुमचं, कुलूप तुमचं, माझ्या गैरहजेरीत चादरी बदलायला येणारा माणूस तुमचा. हॉटेल म्हणतं, तुम्ही काय आणलं होतं हे आम्हाला माहीत नाही, बॅगेची किल्ली तुमच्याकडे, खोलीची किल्लीही तुमच्याकडे. दोघांचंही खरं आहे.

या गुंत्याला सर्वांत जवळचा भारतीय निकाल हॉटेलचा नाहीच, सोनाराचा आहे. मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या, १९३८ सालच्या कालियापेरुमल पिल्लै प्रकरणात एका बाईंनी जुने दागिने मोडून नवे घडवायला सोनाराकडे दिले होते. रोज संध्याकाळी त्या अर्धवट घडलेले दागिने परत घेत, सोनाराच्याच खोलीतल्या एका पेटीत ठेवत आणि पेटीला कुलूप घालून किल्ली आपल्याबरोबर नेत. एका रात्री पेटीतला ऐवज चोरीला गेला. न्यायालयाने सोनाराला सोडलं. पेटी त्याच्या घरात असली तरी किल्ली बाईंकडे होती, म्हणजे रात्रीपुरता ताबा त्यांनी स्वतःकडे परत घेतला होता. हॉटेलच्या खोलीतल्या कपाटातली ती छोटी तिजोरी, जिचा चार आकडी कोड आपण ठरवतो, ती या पेटीची सख्खी बहीण आहे. तिजोरीत दागिने ठेवले म्हणून आपण निर्धास्त होतो, पण कायद्याच्या नजरेने ते अजून आपल्याच ताब्यात आहेत असं म्हणायला हॉटेलला जागा राहते. रिसेप्शनवर वस्तू दाखवून, यादी करून, सही-शिक्क्याची पावती घेऊन ठेवलेली पुडी मात्र सोपवलेलीच असते. त्रासाचं आहे, लाजिरवाणंही वाटतं. पण मंगळसूत्रापेक्षा महाग काही अंगावर नसेल तर गोष्ट वेगळी, लग्नाला निघालेल्या कुटुंबाने तरी हा त्रास घ्यावा.

कपाटातल्या तिजोरीच्या बाबतीत पाहुण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो सोनाराच्या गोष्टीत नव्हता. कोड विसरणारे पाहुणे रोज असतात, म्हणून तिजोरी उघडायची पर्यायी सोय हॉटेलकडे असते. दाराची मास्टर किल्ली तर असतेच. म्हणजे खोलीच्या बाबतीत दोन किल्ल्या आहेत आणि त्यातली एक कोणाकोणाच्या हातातून जाते हे फक्त हॉटेल जाणतं. दार किंवा तिजोरी फोडल्याची खूण नसेल, तर संशय आपोआप दुसऱ्या किल्लीकडे वळतो. सेवेत त्रुटी होती का, हे पाहताना ग्राहक आयोगापुढे म्हणूनच कुलूप फोडलं होतं का, नोकरांपैकी कोण आत गेलं होतं, कॅमेरा होता का, या प्रश्नांना वजन असतं.

इलेक्ट्रॉनिक कार्डाची कुलपं आल्यापासून या प्रश्नाला एक साक्षीदार मिळाला आहे. दार कोणत्या कार्डाने, किती वाजता उघडलं याची नोंद अशा कुलपात साधारणपणे राहते. पाहुणा समुद्रावर असताना सकाळी अकराला दार उघडलं असेल, तर ते त्याच्या कार्डाने की हाऊसकीपिंगच्या, हे निघू शकतं. ही नोंद मागायची असते हेच बहुतेकांना माहीत नसतं. कुलपं निर्दोष आहेत असं मात्र समजू नये. २०१२ मध्ये ओनिटी कंपनीची कुलपं एका छोट्या घरगुती उपकरणाने उघडता येतात हे एका संशोधकाने जाहीर करून दाखवलं आणि अमेरिकेत त्या युक्तीने चोऱ्याही झाल्या. मार्च २०२४ मध्ये सॅफलॉक कुलपांतली त्रुटी उघड झाली. ती १३१ देशांतल्या सुमारे तीस लाख दारांवर होती. अशी त्रुटी जाहीर झाल्यावरही कुलूप तसंच ठेवणाऱ्या हॉटेलला, आम्ही समंजस माणसाइतकी काळजी घेतली, असं म्हणणं जड जाईल.

खोलीतल्या पाटीबद्दल इंग्लंडमधला १९४९ चा ऑली खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. बाईंनी बाहेर जाताना खोलीची किल्ली नेहमीप्रमाणे रिसेप्शनमधल्या फळीवरच्या हुकाला अडकवली. कोणीतरी ती सहज उचलली आणि त्यांचे फरचे कोट, दागिने लांबवले. हॉटेलने खोलीतली पाटी दाखवली: व्यवस्थापिकेकडे ठेवायला दिल्या नसतील तर वस्तूंची जबाबदारी नाही. न्यायालयाने विचारलं, करार कुठे झाला? रिसेप्शनवर, पैसे भरताना. पाटी कुठे दिसली? त्यानंतर, खोलीत गेल्यावर. व्यवहार ठरून गेल्यावर दाखवलेली अट त्या व्यवहाराचा भाग होत नाही. आज खोली मोबाईलवर, आठवडाभर आधी, पैसे भरून बुक होते. लॉजमध्ये पोचल्यावर दिसणाऱ्या पाटीला हा युक्तिवाद चपखल लागू पडतो. मोठ्या साखळी हॉटेलांना हे कळतं, म्हणून त्यांच्या अटी बुकिंगच्या वेळीच ‘मला मान्य आहे’ या चौकोनात असतात.

तो चौकोन टिक केला म्हणजे सगळं संपलं का? इथे आपल्या न्यायालयांनी लॉन्ड्रीच्या निमित्ताने चांगलं काम करून ठेवलं आहे. मद्रासच्या लिली व्हाइट प्रकरणात धुवायला दिलेली साडी हरवली. पावतीच्या मागे छापलं होतं की हरवल्यास किमतीच्या फक्त पंधरा टक्के मिळतील. अशी अट चालू दिली तर नवी साडी पंधरा टक्क्यांत गिळंकृत करायला लॉन्ड्रीवाल्याला मोकळीक मिळेल, म्हणून न्यायालयाने ती लोकहिताविरुद्ध ठरवून बाद केली. मुंबई उच्च न्यायालयानेही लॉन्ड्रीच्याच एका प्रकरणात पावतीवरच्या छापील मर्यादेला मान तुकवली नाही. आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करारांची वेगळी व्याख्या आहे आणि अशी अट रद्द करण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. हॉटेलांच्या छापील अटींवर या तरतुदीचा वापर फारसा ऐकू येत नाही. यायला हवा.

खोलीबाहेरच्या जागांचं उत्तर मात्र पाहुण्याच्या विरुद्ध जाण्याची शक्यता अधिक. नाश्त्याच्या टेबलाखाली ठेवलेली पर्स, लॉबीत सोफ्यावर ठेवलेला लॅपटॉप या वस्तू कोणी कोणाला सोपवलेल्या नसतात. युरोपच्या सहलीवर गेलेल्या मराठी मंडळींना टूर मॅनेजर रोज सकाळी बजावतो की बुफेला उठताना पासपोर्टची पर्स खुर्चीला लटकवून जाऊ नका. तो उगाच कटकट करत नसतो. अपवाद घडतो तो नोकराने पुढाकार घेतला तर. १८९४ च्या एका इंग्रजी निकालात वेटरने न सांगता ग्राहकाचा कोट हातातून घेतला आणि त्याच्या पाठीमागच्या हुकाला टांगला. कोट गेला, आणि मालकाला भरून द्यावा लागला. कोट कुठे टांगायचा हे वेटरने ठरवलं, म्हणून ताबा त्याचा. चेक-आउटनंतर ‘बॅगा इथे ठेवा साहेब, आम्ही बघतो’ असं बेलबॉय म्हणतो तेव्हा हेच घडत असतं, टॅग दिला असो वा नसो.

धर्मशाळा, मठ, भक्तनिवास यांचा प्रश्न महाराष्ट्रात मोठा आहे आणि हॉटेलपेक्षा थोडा वेगळा. ग्राहक कायद्यात मोफत सेवा येत नाही. पंढरपूरच्या मठात विनामूल्य उतरलेल्या वारकऱ्याची पिशवी गेली तर तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकत नाही. भक्तनिवासात अल्प का होईना भाडं घेतलं जातं, तिथे तो ग्राहक ठरतो. पण मोफत असो वा पैसे घेऊन, सामानघरात टोकन देऊन वस्तू ठेवून घेतली की करार कायद्याचं कलम १५१ लागू होतंच. ते पैशाची अट घालत नाही. मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीतून दागिन्यांची पर्स जाण्याचे प्रकार दर लग्नसराईत घडतात. तिथे खोलीची किल्ली दिवसभर मामींच्या कमरेला असते, शंभर नातेवाईक आत-बाहेर करत असतात आणि बहुधा कार्यालयाविरुद्ध काही सिद्ध होत नाही. कार्यालयवाल्यांचं म्हणणं या बाबतीत मला पटतं.

रेल्वेशी तुलना लोक नेहमी करतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० सांगतं की बुक करून पावती घेतली नसेल तर सामानाची जबाबदारी रेल्वेची नाही; प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेलं सामान गेलं तर रेल्वेच्या माणसांचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेलेल्या व्यापाऱ्याला भरपाई नाकारली, ती याच भूमिकेतून. पैसे त्याच्या अंगावर होते, रेल्वेच्या ताब्यात नव्हे. हॉटेलं हा निकाल आपल्या बाजूने वापरू पाहतात. पण गाडीच्या डब्यात रेल्वेकडे प्रवाशाच्या बर्थची मास्टर किल्ली नसते.

आता आकड्याबद्दल. फ्रान्स, इटली, जर्मनी यांनी हा प्रश्न अनेक वर्षांपूर्वी निकाली काढला. १९६२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये युरोपीय देशांनी हॉटेलचालकांच्या जबाबदारीबद्दल करार केला. त्याचा गाभा असा की खोलीत ठेवलेलं सामान गेलं तर, चूक कोणाची हे न पाहता, ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई द्यायची. वस्तू हॉटेलकडे जमा केली असेल, किंवा जमा करून घ्यायला हॉटेलने विनाकारण नकार दिला असेल, तर मर्यादा नाही. मर्यादा ठरवायची एक रीत म्हणजे खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपट. इटली आणि फ्रान्समध्ये हीच शंभरपट आहे. फ्रान्समध्ये हॉटेलच्या आवारात लावलेल्या गाडीतल्या सामानाला पन्नासपट. जर्मनीत शंभरपट, पण किमान ६०० आणि कमाल ३,५०० युरो. रोख आणि दागिन्यांना ८०० युरो. स्वित्झर्लंडमध्ये चूक सिद्ध झाली नाही तर हजार फ्रँक. रक्कम मोठी नाही. पण ती मिळवायला एकवीस वर्षं लागत नाहीत.

हा शंभराचा गुणाकार आपल्याला परका नाही. बँकांचे लॉकर फोडले गेले तर बँका पूर्वी हात वर करत. लॉकरमध्ये काय आहे आम्हाला माहीत नाही, किल्ली ग्राहकाकडे, मग सोपवणं कसलं, हाच युक्तिवाद. बँक ऑफ महाराष्ट्रच्या एका लॉकर प्रकरणात पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो मान्यही केला होता. मग १९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमिताभ दासगुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्र बदललं. वस्तू सोपवली होती का या काथ्याकुटात न अडकता, लॉकरची सुरक्षा ही बँकेची स्वतंत्र जबाबदारी आहे असं त्याने ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. पीठावर पुन्हा न्या. शांतनगौडर होते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. लॉकरच्या बाबतीत जे सहा महिन्यांत जमलं ते हॉटेलच्या खोलीसाठी व्हायला अडचण एकच आहे: हॉटेलांना रिझर्व्ह बँकेसारखा वाली नाही. पर्यटन राज्यांकडे, करार कायदा केंद्राकडे, परवाने महापालिका आणि पोलिसांकडे.

शंभरपटीला लॉजवाल्यांचा विरोध असेल असं गृहीत धरलं जातं. हिशेब करून पाहा. कोल्हापुरात आठशे रुपयांच्या खोलीला कमाल ऐंशी हजार, मुंबईत बारा हजारांच्या खोलीला बारा लाख. मर्यादा हॉटेलच्या ऐपतीप्रमाणे आपोआप वाढते. उलट आज लहान लॉजवाल्यावर कुठलीच वरची मर्यादा नाही. पाहुण्याने वीस तोळ्यांचा दावा लावला आणि रूम बॉयची चोरी सिद्ध झाली, तर पूर्ण रक्कम त्याच्या डोक्यावर. खोटे दावे हीही या धंद्याची खरी डोकेदुखी आहे. चोरी झालेला हार मुळात होता का, याचा पुरावा बहुतेक पाहुण्यांकडे नसतो आणि काहींकडे हारही नसतो. ठरलेला आकडा असेल तर त्याचा विमा उतरवता येतो.

तोवर, सामान गेलं तर करायचं ते वेळेवर करायला हवं. खोली सोडण्याआधी मॅनेजरकडे लेखी तक्रार द्यावी आणि त्याच अर्जात दाराच्या कुलपाची नोंद आणि कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवायची मागणी करावी, कारण चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ‘पोलीस कशाला, आपण बघू’ असं सांगणारे मॅनेजर बरेच भेटतात. बघण्यात दिवस जातात आणि चित्रण त्यातच पुसलं जातं. गुन्हा स्थानिक ठाण्यात नोंदवावा. गावी परत यावं लागलं तर तिथल्या ठाण्यातही तो नोंदवून घ्यावा लागतो आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. वस्तूंची बिलं, दागिने घातलेले फोटो, लॅपटॉपचा अनुक्रमांक हाताशी ठेवावा. विमा असेल तर तिथेही लगेच कळवावं, पण रोख आणि दागिन्यांच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. सामानाच्या विम्यात त्यांना बहुधा वगळलेलं असतं.

ग्राहक आयोगाची तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. २०१९ च्या कायद्याने केलेली सर्वांत उपयोगाची सुधारणा म्हणजे ती आता राहत्या जिल्ह्यात करता येते. गोव्यात सामान गेलेल्या नागपूरकराला पणजीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. कोणत्या आयोगाकडे जायचं हे भरलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, म्हणून हॉटेलच्या बहुतेक तक्रारी जिल्हा आयोगातच राहतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकीलही सक्तीचा नाही.

एक शेवटचा प्रकार उरतो तो चोरीचा नाही, विसरण्याचा. चार्जर, चष्मा, उशीखालची अंगठी. खोली सोडून गेल्यावर हॉटेलचा संबंध संपला असं अनेक मॅनेजरना वाटतं. करार कायद्याचं कलम ७१ मात्र सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, वस्तू सांभाळायला घेणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकतं. हॉटेलने ती उचलून ‘लॉस्ट अँड फाउंड’च्या वहीत लिहिली की पुढची काळजी त्याची. मालकाला शोधायला आणि वस्तू सांभाळायला आलेला खर्च हॉटेलला खटला भरून वसूल करता येत नाही, पण तो मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवता येते. त्यामुळे कुरिअरचे पैसे मागितले तर वाद घालू नये.